पदव्युत्तर स्तरावर शाश्वततेचा आंतरविद्याशाखीय अभ्यास : भूजलाच्या उदाहरणाद्वारे एक विवेचन

प्रस्तावना

'शाश्वत विकास' ही संज्ञा आज शासकीय योजनांपासून महाविद्यालयीन चर्चासत्रांपर्यंत सर्वत्र रूढ झाली आहे. १९८७ मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक पर्यावरण व विकास आयोगाने आपल्या अहवालात या संकल्पनेची मांडणी केली. वर्तमान पिढीने आपल्या गरजा भागवताना भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा आणू नये, असा त्या मांडणीचा आशय होता. १९९२ ची रिओ येथील परिषद आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे यांमुळे या संकल्पनेला जागतिक मान्यता मिळाली.

भारतीय उच्च शिक्षणात या विषयाचा प्रवेश न्यायालयाच्या मार्गाने झाला, ही बाब लक्षणीय आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणासंबंधी निर्देश दिले. २००३ मध्ये त्यांचा पुनरुच्चार झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावरील सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम लागू केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्यातील भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेतील डॉ. इराक भरुचा यांनी सिद्ध केले. अशा रीतीने कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना पर्यावरणाची तोंडओळख होऊ लागली.

मात्र हाच विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात गेला की विषयाची वाटणी होते. भूजल भूशास्त्राकडे जाते, पीकपद्धती कृषिविद्येकडे, पाण्याची किंमत अर्थशास्त्राकडे, हक्क विधी शाखेकडे आणि पाणवठ्यावरील विषमता समाजशास्त्राकडे. एकाच तालुक्यावर, प्रसंगी एकाच गावावर, चार विभागांतील विद्यार्थी प्रबंधिका लिहितात. पण एकाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या वाचनात येत नाहीत. शाश्वततेचा प्रश्न नेमका या विषयांच्या सांध्यावर उभा असतो. त्यामुळे तो कोणत्याच प्रबंधिकेत पूर्णपणे येत नाही.

प्रस्तुत लेखात तीन बाबींचे विवेचन केले आहे : शाश्वततेच्या संकल्पनेचे विविध विद्याशाखांतील अर्थ, महाराष्ट्रातील भूजलाच्या उदाहरणातून दिसणाऱ्या एकेका विद्याशाखेच्या मर्यादा, आणि पदव्युत्तर स्तरावर या विद्याशाखांना एकत्र आणण्याचे शक्य मार्ग.

संज्ञेचा विचार

मराठीत या संकल्पनेसाठी 'शाश्वत', 'चिरस्थायी', 'टिकाऊ' आणि 'धारणक्षम' असे अनेक शब्द वापरले गेले आहेत. त्यांपैकी 'शाश्वत' हा शब्द सर्वाधिक रुळला. पण त्याची अर्थच्छाया तपासून घेणे आवश्यक आहे. भारतीय तत्त्वचिंतनात 'शाश्वत' म्हणजे कालातीत, अविकारी. शाश्वत विकासातील अपेक्षा याहून वेगळी आहे. तेथे बदल गृहीतच असतो. तो बदल निसर्गाच्या व समाजाच्या सोसण्याच्या मर्यादेत राहावा, एवढाच आग्रह असतो. या दृष्टीने 'धारणक्षम' हा मागे पडलेला शब्द अधिक नेमका ठरतो, कारण त्यात कोण, काय आणि किती धारण करू शकते, हा प्रश्न अंतर्भूत आहे.

विद्याशाखांनुसारही या संज्ञेचा अर्थ बदलतो. परिसरविज्ञानात परिसंस्थेची धारणक्षमता व पुनरुज्जीवनाची गती यांना महत्त्व आहे. अर्थशास्त्रात दोन भूमिका आढळतात. रॉबर्ट सोलो यांच्या मांडणीशी जोडल्या जाणाऱ्या पहिल्या भूमिकेनुसार नैसर्गिक भांडवल घटले तरी त्याची जागा मानवनिर्मित भांडवल घेऊ शकते. हर्मन डॅली यांच्यासारख्या परिसर-अर्थतज्ज्ञांना हे मान्य नाही. त्यांच्या मते मासेच संपल्यावर होड्यांची संख्या वाढवून उपयोग नसतो. समाजशास्त्रात आणि विधिशास्त्रात भर पडतो तो न्याय्य वाटपावर. तेथे भावी पिढ्यांइतकाच आजच्या पिढीतील वंचितांचाही विचार करावा लागतो.

हा विचार केवळ आयात झालेला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतीचे दैन्य, वनखात्याचे जाचक नियम, शिक्षणाचा अभाव आणि नोकरशाहीची वृत्ती यांची एकत्रित चिकित्सा केली आहे. पाणी जमिनीत मुरावे म्हणून शासकीय मनुष्यबळाकडून जागोजागी बंधारे घालून घेण्याची सूचनाही तेथेच आढळते. जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ मधील 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या ग्रंथात निसर्गाच्या चक्राशी सुसंगत अशा अर्थव्यवस्थेची मांडणी केली. जमीन, पाणी, उत्पन्न व सत्ता यांना वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवण्याची ही परंपरा पदव्युत्तर अभ्यासक्रमांत क्वचितच संदर्भ म्हणून येते.

बहुविद्याशाखीय, आंतरविद्याशाखीय आणि पारविद्याशाखीय

हे तीन शब्द अनेकदा समानार्थी म्हणून वापरले जातात. त्यांतील भेद मात्र महत्त्वाचा आहे. अनेक विषय शेजारी शेजारी ठेवून शिकवणे म्हणजे बहुविद्याशाखीय अभ्यास. यात प्रत्येक विषय आपल्या पद्धतीत बदल न करता आपला भाग मांडतो. आंतरविद्याशाखीय अभ्यासात एका विषयाची संकल्पना किंवा पुरावा दुसऱ्या विषयाच्या प्रश्नाचे स्वरूपच बदलतो. पारविद्याशाखीय अभ्यासात विद्यापीठाबाहेरील व्यक्ती, म्हणजे शेतकरी, पाणी भरणाऱ्या स्त्रिया, ग्रामपंचायत सदस्य, यांचे ज्ञानही प्रश्नाच्या मांडणीत सहभागी होते. १९७० मध्ये फ्रान्समधील नीस येथे भरलेल्या परिसंवादात झाँ पियाजे व एरिक यांच यांच्या मांडणीतून या तिसऱ्या संज्ञेला चालना मिळाली.

महाविद्यालयांत 'आंतरविद्याशाखीय' म्हणून जे चालते, ते बहुधा बहुविद्याशाखीय असते. चार प्राध्यापक चार घटक शिकवतात आणि जोडणीचे काम विद्यार्थ्यावर सोडले जाते. ही जोडणी का कठीण आहे, हे एका ठोस उदाहरणावरून स्पष्ट होईल.

उदाहरण : कातळातील एक मीटर पाणी

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. या खडकात पाणी साठते ते झिजलेल्या थरात, भेगांत व सांध्यांत. गाळाच्या मैदानी प्रदेशाच्या तुलनेत ही साठवण फार कमी असते. झिजलेल्या बेसाल्टमध्ये एकूण घनफळाच्या साधारण २ टक्के इतकेच पाणी प्रत्यक्ष उपसता येते, असे धरले जाते.

आता १ चौरस किलोमीटर, म्हणजे १०० हेक्टर, क्षेत्राखालील जलधर विचारात घ्यावा. त्यातील पाण्याची पातळी १ मीटरने उतरली, तर २ टक्क्यांच्या हिशेबाने २०,००० घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर, पाणी उपसले गेले असे होते. उसाच्या एका हंगामाची पाण्याची गरज सुमारे २,००० मिलिमीटर धरल्यास १ हेक्टर उसाला लागणारे पाणीही २०,००० घनमीटरच भरते. दुसरीकडे, २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा दरडोई दररोज ५५ लिटर हा निकष लावला, तर तेवढेच पाणी सुमारे १,००० लोकांना वर्षभर पुरते.

हे गणित ढोबळ आहे. उसाची काही गरज पावसातून भागते, दिलेल्या पाण्यातील काही भाग पुन्हा जमिनीत मुरतो, आणि खडकाचा गुणधर्म प्रत्येक शिवारात सारखा नसतो. या बाबी हिशेबात घेतल्यास १ हेक्टरऐवजी दीड हेक्टरच्या आसपास ऊस निघेल. पण प्रमाणाची जाण तीच राहते. १०० हेक्टरखालचे एक मीटर पाणी म्हणजे हेक्टर-दीड हेक्टर ऊस, किंवा एका लहान गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी.

या चार ओळींच्या हिशेबासाठी तीन विद्याशाखांची आवश्यकता भासली : खडकातील पाण्याचे प्रमाण भूशास्त्राने दिले, पिकाची गरज कृषिविद्येने दिली आणि पाणीपुरवठ्याचा निकष सार्वजनिक आरोग्य व अभियांत्रिकीकडून आला. परंतु हे पाणी ऊस घेणाऱ्याला द्यावे की पिण्यासाठी राखावे, आणि ते कोणी ठरवावे, याचे उत्तर या तिघांपैकी एकाकडेही नाही. शाश्वततेचा खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

एकेका विद्याशाखेचे उत्तर आणि त्याची मर्यादा

भूशास्त्रज्ञ जलधराची व्याप्ती ठरवतो आणि पुनर्भरण व उपसा यांचा ताळेबंद मांडतो. हा पाया आहे. त्याशिवाय पुढील सर्व चर्चा अधांतरी राहते. तथापि, उपसा अधिक आहे एवढे सांगितल्याने उपसा कमी होत नाही.

उपसा का होतो, याचे उत्तर अर्थशास्त्र देते. उसाला केंद्र शासनाने निश्चित केलेला रास्त व किफायतशीर दर आहे आणि कारखान्याच्या रूपाने खात्रीचा खरेदीदार आहे. ज्वारी, तूर किंवा हरभरा यांना हमीभाव जाहीर होत असला तरी खरेदीची तेवढी शाश्वती नसते. कृषिपंपाची वीज मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारली जात असल्यास पंप आणखी एक तास चालवण्याचा जादा खर्च जवळजवळ शून्य असतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. त्यातून कर्जबाजारी शेतकऱ्याला मिळणारा दिलासा खरा आहे. आणि भूजलाच्या उपशावरील किमतीचा लगाम त्यामुळे आणखी सैल होतो, हेही खरे आहे. वैयक्तिक पातळीवर शेतकऱ्याचा ऊस घेण्याचा निर्णय विवेकीच असतो. अशा अनेक विवेकी निर्णयांची बेरीज मात्र जलधराला परवडत नाही.

विधिशास्त्र पाहिले असता आणखी एक पेच समोर येतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार निश्चित प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा अधिकार जमीनमालकाला आहे. म्हणजेच पाण्याचा हक्क सातबाऱ्याला चिकटलेला आहे. डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक संसाधनांबाबत शासन हे विश्वस्त असल्याचे तत्त्व स्वीकारले. या दोन तत्त्वांतील ताण अद्याप सुटलेला नाही. महाराष्ट्राने १९९३ च्या अधिनियमात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला आणि २००९ च्या व्यापक अधिनियमाने भूजलाच्या नियमनाची चौकट विस्तारली. येथे भूशास्त्राचा विद्यार्थी उचित शंका घेऊ शकतो : कायद्याचे ५०० मीटरचे वर्तुळ कागदावर आखता येते, भेगांतून वाहणारे पाणी त्या वर्तुळाची मर्यादा पाळत नाही.

समाजशास्त्र याहूनही मूलभूत प्रश्न उपस्थित करते. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याचा भूजलावर कोणताच हक्क नाही काय? पाणवठा हा सामाजिक समतेचा प्रश्न आहे, हे १९२७ च्या महाड सत्याग्रहाने या भूमीत ठामपणे मांडले. विहीर आटली की सधन शेतकरी अधिक खोल विंधनविहीर घेतो. अल्पभूधारकाची उथळ विहीर प्रथम कोरडी पडते आणि हंड्यासाठीची पायपीट घरातील स्त्रियांच्या वाट्याला येते. पातळीतील घट ही सर्वांसाठी सारखी घट नसते. सरासरी आकड्यात हा भेद लपून जातो.

शब्द एक, अर्थ अनेक : 'पाणी वाचले' म्हणजे काय?

विद्याशाखांतील अंतर केवळ माहितीचे नसते. ते शब्दांच्या अर्थाचे असते. ठिबक सिंचनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पाटपाण्याऐवजी ठिबक वापरल्यास एकरी पाणी कमी लागते, म्हणून कृषिविद्येच्या परिभाषेत पाणी वाचते. भूजलशास्त्रज्ञ मात्र विचारतो की पाटाने दिलेल्या पाण्यातील जो भाग मुरून पुन्हा विहिरींना मिळत होता, त्याचे काय झाले? तो भाग वाया जात नव्हता. ते शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी होते. अर्थशास्त्रज्ञ पुढची बाब निदर्शनास आणतो : वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी दोन एकर ऊस लावला, तर एकूण उपसा घटण्याऐवजी वाढतो. कार्यक्षमता वाढल्याने एकूण वापर वाढण्याची ही प्रवृत्ती विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये इंग्लंडमधील कोळशाच्या संदर्भात दाखवून दिली होती.

याचा अर्थ ठिबक निरुपयोगी आहे असा नव्हे. त्याने उत्पादकता वाढते, खतांचा अपव्यय टळतो, मजुरी कमी होते. परंतु एकराच्या पातळीवरील बचत आणि जलधराच्या पातळीवरील बचत या दोन भिन्न गोष्टी आहेत. लागवडीच्या एकूण क्षेत्रावर व उपशावर मर्यादा असेल तरच पहिलीचे रूपांतर दुसरीत होते. ही मर्यादा घालणे हे तंत्रज्ञानाचे काम नाही. ते संस्थेचे, कायद्याचे आणि सामूहिक संमतीचे काम आहे. पाणलोट विकासाच्या कामांनाही हेच लागू पडते. बंधाऱ्यांनी पातळी वाढली, पण वाढलेल्या पाण्यावर पीकपद्धती बदलली, तर काही वर्षांत गाव पूर्वस्थितीला येते.

मर्यादेचा प्रश्न टाळला की काय घडते, हे एप्रिल २०१६ मध्ये लातूरने अनुभवले. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आले. पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून एका खेपेस २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. पाच लाख लिटर ही संख्या मोठी वाटते. वरील हिशेबात ती १ हेक्टर उसाच्या गरजेचा चाळिसावा भाग आहे. त्या टंचाईत पावसाची तूट हे एक कारण होते. तथापि, पीकपद्धती, उपसा, नागरी पाणीपुरवठ्याचे नियोजन आणि धरणांतील पाण्याचे वाटप यांना वगळून तिचे स्पष्टीकरण पूर्ण होत नाही.

विद्याशाखांची जोडणी : दोन उदाहरणे

१९७२ च्या दुष्काळानंतर पुण्यातील अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन पाणलोट विकासाचे प्रयोग सुरू केले. त्यांतून उभी राहिलेली पाणी पंचायत ही चळवळ अभ्यासकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. तिच्या नियमांत पाणीवाटप जमिनीच्या मालकीनुसार न होता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार होते : दरडोई अर्धा एकर, आणि एका कुटुंबास कमाल अडीच एकर. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क देण्यात आला. उसासारखी अधिक पाणी लागणारी पिके वर्ज्य ठरवण्यात आली. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांनी उचलावा, असे ठरले. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नसे.

हे नियम बारकाईने पाहिल्यास प्रत्येकात एकाहून अधिक विद्याशाखा एकत्र आलेल्या दिसतात. अर्धा एकर ही मर्यादा उपलब्ध पाण्याच्या हिशेबावर आधारलेली असून तीच समतेचे सूत्रही आहे. उसाला मनाई हा कृषिविषयक निर्णय आहे, पण तो जलधराच्या मर्यादेतून आला आहे. भूमिहीनाचा हक्क ही सामाजिक न्यायाची भूमिका आहे, पण तिने १८८२ च्या कायद्यातील गृहीतकालाच प्रत्यक्ष व्यवहारात छेद दिला. येथे विषय शेजारी शेजारी ठेवलेले नाहीत. एकाने दुसऱ्याला बदलले आहे. या प्रयोगाचा विस्तार मर्यादित का राहिला आणि साखर कारखानदारीच्या प्रभावक्षेत्रात तो का रुजला नाही, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी संशोधनाचे स्वतंत्र विषय ठरतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाण्याच्या वार्षिक अंदाजपत्रकानुसार पिके ठरवण्याची आणि शेतीसाठी विंधनविहिरी न घेण्याची जी शिस्त ग्रामसभेने स्वीकारली, तिचाही असा अभ्यास करता येतो.

दुसरे उदाहरण संशोधनाच्या क्षेत्रातील आहे. १९६८ मध्ये जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी सामाईक संसाधनांचा ऱ्हास अटळ असल्याची मांडणी केली आणि खासगी मालकी किंवा शासकीय नियंत्रण हे उपाय सुचवले. त्यापूर्वीच, १९६५ मध्ये, राज्यशास्त्राच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रम यांनी लॉस एंजलिस परिसरातील एका भूजल खोऱ्यावर पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण केला होता. अति-उपशामुळे समुद्राचे खारे पाणी जलधरात शिरत असताना पाणी वापरणाऱ्यांनी परस्पर वाटाघाटी, न्यायालयीन तडजोडी व नव्या स्थानिक संस्था यांच्या आधारे उपशाला मर्यादा कशी घातली, याचा तो अभ्यास होता. पुढे १९९० मधील 'गव्हर्निंग द कॉमन्स' या ग्रंथात त्यांनी सामाईक संसाधनांच्या यशस्वी व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्कार मिळाला. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीने जलधर समजून घेतला, पण ती भूशास्त्रज्ञ झाली नाही. आपल्याच विषयाचा प्रश्न तिने अधिक नेमका केला. पदव्युत्तर अभ्यासासाठी हे उदाहरण मार्गदर्शक आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना

परदेशांत या दिशेने स्वतंत्र अभ्यासक्रम उभे राहिले आहेत. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने १९९७ मध्ये पर्यावरण अभ्यास व शाश्वतता विज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने २००४ मध्ये शाश्वत विकासातील पीएच.डी. कार्यक्रम आरंभिला, त्यात अर्थशास्त्राबरोबर नैसर्गिक विज्ञानांचे शिक्षणही अपेक्षित आहे. भारतात १९९९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेली दिल्लीची टेरी ही संस्था आणि १९८५ मध्ये मुंबईच्या आयआयटीत स्थापन झालेले ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र, म्हणजे 'सितारा', यांचे कार्य उल्लेखनीय आहे. 'सितारा'ने २००७ मध्ये सुरू केलेल्या तंत्रज्ञान व विकास या विषयातील एम.टेक. अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना काही आठवडे ग्रामीण भागात राहून अभ्यास करावा लागतो.

तथापि, जिल्हा व तालुका पातळीवरील महाविद्यालयांना असे स्वतंत्र केंद्र उभारणे शक्य नसते. त्याची आवश्यकताही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर रचनेत संशोधनपद्धती, प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्रप्रकल्प आणि संशोधनप्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. या उपलब्ध चौकटीतच पुढील गोष्टी साधता येतील.

पहिली, समान क्षेत्राची निवड. महाविद्यालयाने परिसरातील एक पाणलोट क्षेत्र दीर्घकालीन अभ्यासासाठी निश्चित करावे आणि भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य या विभागांचे क्षेत्रप्रकल्प तेथेच व्हावेत. विषय एकत्र आणणारा दुवा सिद्धान्तापेक्षा स्थळ हा अधिक परिणामकारक ठरतो, कारण एकाच विहिरीसमोर उभे राहिल्यावर परस्परांचे आकडे टाळता येत नाहीत.

दुसरी, समान नोंदवही. विहिरींची पातळी, पर्जन्यमान, पीकपेरा, विजेचा वापर, ग्रामसभेचे ठराव यांची नोंद एकाच ठिकाणी व्हावी आणि ती पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना मिळावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ती पडताळून पाहता येईल. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एका विद्यार्थ्याला जे दिसणार नाही, ते दहा वर्षांच्या नोंदींत दिसेल.

तिसरी, दुसऱ्या विषयाच्या पुराव्याचे वाचन. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला भूजलपातळीचा आलेख वाचता यावा. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला अधिनियमातील कलम व मुलाखतीचा वृत्तान्त वाचता यावा. प्रभुत्वाची अपेक्षा नाही. हा पुरावा कसा गोळा होतो, तो काय सिद्ध करतो आणि काय सिद्ध करत नाही, एवढे कळणे पुरेसे आहे.

चौथी, गावासमोर मांडणी. प्रकल्पाचा निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत मांडला जावा. आपल्या पाण्याविषयी लिहिलेले गावकऱ्यांना पटते की नाही, ही कसोटी बाह्य परीक्षकाच्या कसोटीइतकीच महत्त्वाची आहे.

अडचणी

या मार्गातील अडचणी शैक्षणिक कमी व व्यवस्थात्मक अधिक आहेत. संशोधन मार्गदर्शकाची मान्यता विषयनिहाय असते, अभ्यासमंडळे विषयनिहाय असतात आणि प्रबंधाचे परीक्षकही विषयनिहाय नेमले जातात. अर्थशास्त्राच्या प्रबंधात भूजलाच्या नोंदींना दोन प्रकरणे दिली, तर परीक्षकास ते विषयांतर वाटण्याचा संभव असतो. सहायक प्राध्यापक पदासाठी संबंधित किंवा संलग्न विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट पात्रता आवश्यक असते. आंतरविद्याशाखीय पदवी 'संलग्न' मानावी की नाही, याविषयीची अनिश्चितता उमेदवाराला पेलावी लागते. गरीब कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याने हा धोका का पत्करावा, याचे उत्तर विद्यापीठांनी दिल्याशिवाय आंतरविद्याशाखीयतेचे आवाहन पोकळ ठरते.

याच कारणास्तव पदव्युत्तर स्तरावर विद्यार्थ्याचा मूळ विषय सोडवू नये. सर्व विषयांतील थोडे थोडे शिकवणारी रचना सवंग ठरण्याची भीती असते आणि त्या पदवीला रोजगाराच्या बाजारात किंमत राहत नाही. एका विषयाची खोली आणि समान क्षेत्रावरील संयुक्त काम, ही रचना अधिक सुरक्षित आहे आणि ज्ञानाच्या दृष्टीनेही अधिक फलदायी आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. शाश्वतता हा स्वतंत्र विषयापेक्षा विषयांच्या सांध्यावरील प्रश्न आहे. प्रत्येक विद्याशाखेचे उत्तर तिच्या कक्षेत बरोबर असूनही एकूण निर्णय चुकू शकतो, हे भूजल व ठिबक सिंचन यांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होते. विज्ञान मर्यादा किती आहे हे सांगते. ती मर्यादा कोणावर, किती आणि कोणाच्या संमतीने पडावी, हे ठरवण्यासाठी अर्थशास्त्र, विधी, समाजशास्त्र व राज्यशास्त्र यांची गरज असते. मर्यादेचे मोजमाप आणि मर्यादेची वाटणी यांना एकत्र शिकवणे, हेच पदव्युत्तर स्तरावरील आंतरविद्याशाखीय अभ्यासाचे प्रमुख कार्य आहे.

महाराष्ट्रातील महाविद्यालये ज्या तालुक्यांत उभी आहेत, त्यांतील अनेक तालुके वारंवार टंचाईग्रस्त घोषित होतात. तेथील विद्यार्थी पाण्याचा प्रश्न पुस्तकाआधी घरात शिकून आलेले असतात. त्या अनुभवाला मोजमापाची, कायद्याची आणि इतिहासाची जोड मिळाली, तर उद्या ग्रामसभेत विंधनविहिरीचा ठराव येईल तेव्हा १०० हेक्टरखालच्या एक मीटर पाण्याचा हिशेब मांडणारा आणि त्यात भूमिहीनाचा वाटा विचारणारा पदवीधर तेथे उपस्थित असेल. पदव्युत्तर शिक्षणाने एवढे साधले, तरी ते सार्थ ठरेल.